आतल्या खोलीचं कुलूप

सानगडीत दामिनी निमजेशी एकदाही भांडण झालं नाही असा माणूस शोधायचा, तर तो पाळण्यातच शोधावा लागला असता. चौतिशीची बाई, अंगानं काटकुळी. पण आवाज असा, की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून पेंगणारा खडबडून उठून बसावा. लग्न झालं नव्हतं. दोनदा जमलं आणि दोनदा तिनंच मोडलं. पहिला म्हणाला, लग्नानंतर संगणक-बिंगणक सोडावं लागेल. दुसरा म्हणाला, माझ्या आईसमोर मोठ्यानं बोलायचं नाही. दोघांनाही तिनं बशीतला चहा संपायच्या आत उठवलं.

तिचं राज्य म्हणजे विणकर संस्थेची मागची खोली. पुढच्या खोलीत सुताच्या गुंड्या, एकोडीकडून आलेल्या रेशमाच्या कोशांची पोती आणि उकडलेल्या कोशाचा तो उग्र वास, जो एकदा नाकात बसला की आयुष्यभर उतरत नाही. मागच्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि एक संगणक. त्या संगणकाला तिनं विणताना फसलेल्या साडीच्या तुकड्याचा झगा शिवला होता. साकोलीच्या आयटीआयमध्ये संगणकाचा एक वर्षाचा कोर्स आणि नागपूरला सर्व्हरचं आठ दिवसांचं प्रशिक्षण, एवढ्या भांडवलावर ती गावातल्या सतरा मागांची वेबसाइट सांभाळत होती. सर्व्हर होता कुठल्याशा दूरच्या शहरात, भाड्यानं घेतलेला. सानगडीत कोणी तो पाहिला नव्हता. पण दामिनी त्याच्याशी रोज भांडे, म्हणून तो आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती.

सतरा माग. कधीकाळी कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात पन्नासच्या वर होते. तेव्हा सकाळी गल्लीतून चाललं की दोन्ही बाजूंनी धोट्याचा खटखटाट असा लयीत येई, की पायही आपोआप ठेक्यात पडत. मग एकेक घर गप्प होत गेलं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हा संस्थेच्या सरकारी कागदांचे गठ्ठेही तुटले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. दोन वर्षं सूतच मिळेना. त्या दोन वर्षांत सायकलवरून, एसटीतून, पायी, कागदामागून कागद गोळा करत फिरला तो गोपीचंद निनावे. संस्था जगली ती त्याच्यामुळं. म्हणून तो अध्यक्ष झाला, आणि म्हणूनच त्याच्या शब्दापुढं बोलायला मोहल्ल्यात कोणाची जीभ उचलत नसे. दामिनीची सोडून.

पहिली ठिणगी पडली २०११ साली, वेबसाइट उभी राहताना.

करवती काठाच्या साडीचं सगळं मोल काठात असतं. करवतीच्या दात्यांसारखी ती रेघ, आणि त्या दात्यांच्या मध्ये ज्या त्या घराची खूण. तो नक्शा चौकटीच्या कागदावर काढायचा आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. परक्याला दाखवायचा नाही. पण पेट्यांना वाळवी लागली, दोन घरांचे नक्शे पार चाळण झाले. तेव्हा सभेत ठरलं की सगळे कागद स्कॅन करून सर्व्हरवर ठेवायचे, पासवर्डाच्या आड. लांबचं गिऱ्हाईक आलं तर ज्याचा नक्शा त्यानं आपला पासवर्ड देऊन दाखवावा.

दामिनीनं सतरा मागांची सतरा फोल्डरं केली आणि मागाच्या नंबरानं एका रांगेत मांडली. गोपीचंदनं चष्मा पुसून पडद्याकडे पाहिलं.

"हे काय मांडलं वो पोरी? चार नंबरले शकुन अन् नऊ नंबरले मी? लहान्या भावाची बायको भासऱ्याच्या डोक्यावर बसवली तू?"

"काकाजी, हे मागाच्या नंबरवारी हाये. संगणकाले भासरा नाही समजत."

"त्याले नसन समजत. तुले तं समजते ना? का आयटीआयत ते शिकवलंच नाही?"

"शिकवलं असतं तं मी पहिल्याच दिवशी कोर्स सोडला असता."

पुढच्या खोलीत चारपाच जण खोकल्याच्या आड हसले. पण सभेत हसू चालत नाही, हात चालतात. ठराव झाला: मोहल्ल्यात घरं सात, म्हणून मुख्य फोल्डरं सात, घरातल्या कर्त्याच्या नावानं. धाकट्या पात्या, म्हणजे धाकट्या भावांच्या शाखा, वेगळ्या राहत असल्या तरी त्यांचं फोल्डर थोरल्याच्या फोल्डरात. ओसरीतून जाऊन मग आतली खोली, तसं. सोबत आणखी एक नियम लिहिला गेला, आणि पुढं सगळं त्यावरच अडलं. वाडवडिलांचा नक्शा असेल तर तो घराचा, घराच्या पासवर्डानं उघडेल. कोणी स्वतःच्या डोक्यानं नवा काठ काढला तर तो ज्याचा त्याचा, आणि त्याला वेगळं कुलूप.

दामिनी कुरकुरत बसली आणि सतराची सात केली.

ही शकुनबाई म्हणजे गोपीचंदच्या धाकट्या भावाची विधवा. भाऊ गेल्यावर सहा महिन्यांत तिनं माग उचलला, पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या आणि वेगळी चूल मांडली. वेगळी झाली तरी रीत सोडली नाही. त्या घरांतून धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, थेट बोलत नाही. डोक्यावरून पदर, तोंड फिरवलेलं, आणि सांगायचं ते तिसऱ्याला सांगायचं. शकुनबाई सून होऊन आल्यापासून गोपीचंदशी एक शब्द बोलली नव्हती. त्याला शिव्या मात्र भरपूर दिल्या होत्या. भिंतीला, बकरीला, घड्याला उद्देशून, तो ऐकत असताना.

२०१२च्या दिवाळीनंतर शकुनबाई मागच्या खोलीत आली ती पदराखाली कागद घेऊन. तळ्याच्या गाळात पाणकोंबडी चालून गेली की तीन बोटांचे ठसे उमटतात. तेच तिनं करवतीच्या दोन दात्यांमध्ये बसवले होते. एक पाऊल इकडे, एक तिकडे, जसं काही पाखरू काठाकाठानं पदराकडे चाललं आहे. डावं बोट दोन धाग्यांनी आखूड होतं, कारण तिथं कागदाची चौकट संपली होती आणि नवा कागद आणायचा तिनं कंटाळा केला होता. दामिनी विणकराची लेक. तिनं कागद खिडकीशी नेला आणि एकेक चौकट बोटानं मोजली.

"माह्या डोक्यातून निघालं हे," शकुनबाई म्हणाली. "घराचं नाही, सासऱ्याचं नाही. मले वेगळं कुलूप पाहिजे."

सर्व्हरवर दारं लावायची रीत अशी. एक मुख्य फाइल असते. कोणत्या फोल्डरला पासवर्ड लागेल, आतल्या नावांची यादी दिसेल की नाही, ते त्या फाइलीत ओळीनं लिहायचं. बाहेरच्या फोल्डरला जो नियम, तोच आतल्या सगळ्यांना आपोआप लागू. आतल्या एखाद्याला निराळा नियम हवा, तर त्याच फोल्डरात एक छोटी फाइल ठेवायची, चिठ्ठीसारखी: मला माझा पासवर्ड. दामिनीनं ती चिठ्ठी लिहिली. सर्व्हर वाचत नाही अशी एक टीपही वर घातली, आपल्याच आठवणीसाठी: 'हा काठ शकुनबाईचा स्वतःचा. तिच्याशिवाय कोणाला उघडू नये.' मग उघडून पाहिलं. पडद्यावर चौकोन आला, नाव आणि पासवर्ड मागू लागला. तिनं रद्द केलं. सर्व्हरनं आत घ्यायला नकार दिला.

"पक्कं ना?" शकुनबाईनं मागून विचारलं.

"काकू, यमराज आला तं त्यालेही पासवर्ड लागन."

पुढच्या जुलैत एकोडीला एक लग्न होतं. पंगतीत वाढायला आलेली एक पाहुणी भाताची परात घेऊन शकुनबाईसमोर वाकली, आणि तिच्या पदरावर पाणकोंबडी चालत होती. साडी यंत्रमागाची, चकचकीत, हातात घेतली तर सुरकुती न पडणारी. पण तीन बोटं तीच. आणि डावं बोट दोन धाग्यांनी आखूड. शकुनबाईनं पदर धरला तो सोडेचना. पाहुणी ओरडली, परात कलंडली, भात मांडवभर झाला. नवऱ्या मुलाच्या मामानं मध्ये पडून पदर सोडवला तेव्हा कळलं की साडी नागपूरची, आणि तिथल्या दुकानात तशा शंभर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीचं दार असं आपटलं की कॅलेंडर खाली पडलं.

"किती दिवस झाले माह्या भासऱ्याले चावी देऊन?"

"कोणती चावी?"

"नाटकं करू नको, दामिनी! त्यानं फेब्रुवारीत नागपूरच्या व्यापाऱ्याले घरचे नक्शे दाखवले. माहा काठ कसा गेला त्यात?"

"मी कुलूप लावलं काकू, तुमच्या डोळ्यादेखत. पासवर्ड तुमाले माहीत अन् मले माहीत. म्या कोणाले सांगितला नाही. तुमीच कुठं बोलल्या असान, विहिरीवर-गिहिरीवर!"

"मी? मी विहिरीवर माहा पासवर्ड सांगत फिरून राहिली?"

"आता मी काय म्हणू? लोकाच्या पोटात पाणी ठरत नाही अन् मंग बदनाम होते संगणक!"

शकुनबाईनं तिच्याकडे पाहिलं. पडलेलं कॅलेंडर ओलांडून निघून गेली. आणि दामिनीनं, राग राग करत, संध्याकाळपर्यंत आल्या-गेल्या सगळ्यांना सांगितलं की बाई स्वतःच बोलून बसली आणि आता दुसऱ्यावर ढकलते. तोंड तिचं. आठ दिवसांत मोहल्ल्यात शकुनबाई खोटारडी ठरली.

त्यात गोपीचंदनं आपलं म्हणणं पुढं केलं. संस्थेला व्यापाऱ्याची चिठ्ठी आली होती: काठ कोणाचा ते लिहून द्या. कारण शकुनबाईनं हातमाग कार्यालयात तक्रारीचा अर्ज टाकला होता. गोपीचंद म्हणाला, काठ निनाव्यांच्या घराचा. व्यापाऱ्याला दाखवला तो माझ्या पासवर्डानं उघडून. माझ्या चावीनं उघडलं, म्हणजे माझं. तिचं वेगळं असतं तर उघडलंच नसतं. हे तो काही खोटं सांगत नव्हता. त्याच्या चावीनं ते खरोखरच उघडलं होतं आणि त्याला मनापासून वाटत होतं की भावाचा माग, बापाचा मोहल्ला, तर काठही घराचाच.

प्रश्न सप्टेंबरच्या आमसभेत सुटायचा होता. सभेनं तो काठ घराचा ठरवला, की शकुनबाईला स्वतःचाच काठ विणायला भासऱ्याची परवानगी मागावी लागणार. आणि ती मागणार नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे माग बंद.

दामिनीच्या मनात मात्र ते वाक्य अडकलं. माझ्या चावीनं उघडलं. कसं उघडलं? म्हातारा थापा मारतो, असं ती स्वतःला चार दिवस सांगत राहिली. पाचव्या दिवशी ती साकोलीला गेली. श्रावणच्या सायबर कॅफेत बसली, संस्थेच्या संगणकाची कुठलीही ओळख नसलेल्या परक्या मशीनवर, आणि गोपीचंदच्या घराचा पासवर्ड टाकला. तो तिनंच दिला होता. घर उघडलं. आतल्या नावांची यादी आली. तिनं 'शकुनबाई'वर क्लिक केलं.

कोणी काही विचारलं नाही. पाणकोंबडीची पावलं सगळ्या पडद्यावर पसरली.

"ताई, पंखा लावू का?" श्रावणनं विचारलं. "घाम येऊन राहिला तुमाले."

"तू तुह्या कामाकडे पाय!"

मग तिनं मुख्य फाइल उघडली आणि वरून एकेक ओळ वाचत आली. बाराव्या की तेराव्या ओळीवर थांबली. 'ओव्हरराइड: नन.' म्हणजे आतल्या फोल्डरांत कोणी कसलीही चिठ्ठी ठेवली तरी ती वाचू नकोस. वरचा नियम तोच खरा. नागपूरच्या प्रशिक्षणात मास्तर म्हणाले होते, हे 'नन'च ठेवा, सर्व्हर हलका चालतो. तिनं वहीतून जसंच्या तसं उतरवलं होतं. आणि त्या दिवशी शकुनबाईसमोर जो चौकोन आला तो शकुनबाईच्या कुलपाचा नव्हताच. तो गोपीचंदच्या ओसरीचा होता. तिनं रद्द केलं म्हणून कळलं नाही. शकुनबाईचा पासवर्ड टाकून पाहिला असता तर सर्व्हरनं तो नाकारला असता आणि त्याच क्षणी सगळं उघड झालं असतं. एकदा, फक्त एकदा पाहिलं असतं तर.

घरी आल्यावर ती जेवली नाही. बाप मोतीलाल मागावर बसला होता. सत्तरी उलटली तरी उजेड असेपर्यंत बसायचा. तिनं त्याला सांगितलं. दुसरं होतं कोण?

मोतीलालनं धोटा थांबवला नाही. "म्हणजे तू त्या बाईले गावात खोटं पाडलं, अन् खोटी होती तू."

"मले माहीत नव्हतं, बाबा."

"तिलेही माहीत नव्हतं. तरी तिनं तुले विचारलं. तू तिले विचारलं का?" धोटा दोनदा इकडून तिकडे टाकून म्हणाला, "जेव आता. उपाशी राहून कोणता धागा सुटते?"

आमसभेच्या दोन दिवस आधी गोपीचंद मागच्या खोलीत आला. खुर्ची ओढून बसला आणि आवाज असा खाली आणला, जसा तो कधी आणत नसे.

"दामिनी, सभेत तुले एकच विचारीन. शकुनचा काठ माह्या पासवर्डनं उघडते का नाही? तू 'उघडते' म्हण. खरंच उघडते, म्हणजे खोटं काही नाही. बाकी संगणकाचं रामायण कोणाले समजत नाही, सांगू नको. तुही नेमणूक दोन वर्षापासून तात्पुरती हाये. याच सभेत पक्की करून टाकू."

तिनं उत्तर दिलं नाही. गोपीचंदला ते उत्तरासारखं वाटलं. दामिनी गप्प बसलेली त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिली होती.

सभा भरली दुपारी. गड्यांची एक बाजू, बायकांची एक बाजू, मध्ये खांब. खांबाकडे तोंड करून, पदर नाकापर्यंत ओढून शकुनबाई बसली. आठ हातांवर गोपीचंद. दोघांच्या मध्ये सचिव भैयाजी हेडाऊ, भला माणूस, ज्याला त्या दिवशी दोन्हीकडचे शब्द वाहायचे होते.

"भैयाजी," खांबाला उद्देशून शकुनबाई म्हणाली, "त्या मोठ्या माणसाले सांगा, जो लहान्या भावाच्या माघारी त्याच्या बायकोचा काठ विकते, तो चोर असते."

सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी भैयाजी वळले. "गोपीभाऊ, बाईचं म्हणणं असं हाये का, काही गैरसमज झाला असावा."

"भैयाजी! मी चोर म्हटलं. चोरच सांगा."

"तं... त्या चोर म्हणून राहिल्या, गोपीभाऊ."

"तिले सांगा," गोपीचंद छताकडे पाहत म्हणाला, "ज्या मागावर ती बसते तो माह्या बापानं घेतला होता."

"त्याईले सांगा, लाकूड सासऱ्याचं होतं. डोस्कं माहं होतं!"

बायकांच्या बाजूनं हशा उठला. गोपीचंद उठून उभा राहिला. मान्य करायला हवं, माणसाला सभा धरता येत होती. हात वर केला आणि कुजबुज विझली.

"वाद नको. नियम आपणच केला. स्वतःचा काठ असन तं वेगळं कुलूप. कुलूप लावणारी इथं बसली हाये. दामिनी, उभी राय. शकुनचा काठ माह्या पासवर्डनं उघडते का नाही?"

दामिनी उठली. "उघडते."

"झालं!" गोपीचंद बसायला लागला.

"झालं नाही, काकाजी. उघडते, पण उघडायले नको होतं."

तिनं संगणक पुढच्या खोलीत आणून ठेवलाच होता. पडदा सभेकडे वळवला. शकुनबाईचं फोल्डर उघडलं, त्यातली चिठ्ठी उघडली, वरची टीप मोठ्यानं वाचली आणि फाइलीवरची तारीख दाखवली: नोव्हेंबर २०१२. व्यापाऱ्यानं नक्शा पाहिला त्याच्या तीन महिने आधीची.

"वेगळं कुलूप मागितलं होतं. लावलं होतं. म्हणजे काठ त्याईचाच. पण सर्व्हरच्या मोठ्या फाइलीत एक ओळ हाये. आतली चिठ्ठी वाचू नको, असं ती सांगते. त्याच्यानं कुलूप असूनही सर्व्हरनं ते मानलं नाही. ओसरीची चावी लागली, अन् आतली खोली उघडली."

"ते ओळ कोणं लिहिली?" भैयाजींनी विचारलं.

"मी."

बायकांच्या बाजूकडे वळून ती पुढं म्हणाली, "शकुनकाकूनं कोणाले काही सांगितलं नव्हतं. मी मोहल्लाभर सांगितलं, का त्याच बोलल्या असतील. ते खोटं होतं. चूक माही होती."

आधी गोपीचंदचा आवाज आला. "म्हणजे दोन वर्षं आमची घरं उघडी टाकून हे बाई इथं खुर्चीत बसून राहिली!"

मग गोदावरीबाई, निमज्यांच्याच धाकट्या पातीची, दामिनीची सख्खी चुलती. "थांब वो पोरी. वेगळं कुलूप तं मीही लावलं होतं. माहाही काठ असाच उघडा होता का?"

"हो, काकू."

"अन् सत्यभामाचा?"

"त्याईचाही. आतली जेवढी कुलपं लावली, तेवढी सगळी."

त्यानंतर जो गदारोळ उठला त्यात कोणाचं काय हे कळायचं बंद झालं. आयटीआय निघालं, नागपूर निघालं, दोन मोडलेली लग्नं निघाली. दामिनीच्या जिभेनं ज्याला ज्याला कधी ओरबाडलं होतं, त्या प्रत्येकानं त्या दिवशी आपलं वसूल करून घेतलं. मोतीलाल गड्यांच्या बाजूला भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. दामिनी उभी होती. भूमिका संपली तरी पडदा पडत नाही तेव्हा नट उभा राहतो, हात कुठं ठेवावेत ते न कळून, तशी.

भैयाजींनी टेबल बडवून दोन ठराव मांडले. काठ शकुनबाईचा, तसं लिहून द्यावं आणि तिचं फोल्डर वेगळं करावं: चौदा हात वर. गोपीचंदनं हात वर केला नाही, पण विरोधातही केला नाही. तळव्याकडे पाहत बसला. दुसरा ठराव, दामिनी निमजेला कामावरून कमी करावं. तिथं हात मोजावे लागले नाहीत. पहिला हात खांबाजवळून उठला होता, बांगड्या खाली घसरवत.

सभा उठली. शकुनबाई दामिनीसमोर आली. तिच्याशी बोलायला तिसरा माणूस लागत नव्हता.

"खरं बोलली, ते चांगलं केलं. पण दोन महिने मोहल्ल्यात मले खोटारडी म्हणून घेतलं तू. माह्या पोटच्या पोरानं विचारलं, माय, तूच बोलली का? त्याच्यासाठी हात वर केला. अजून दोन असते तं तेही केले असते."

"करायलेच पाहिजे होते," दामिनी म्हणाली. आणि लगेच, जीभ ती जीभच, "आता रडगाणं पुरे. बसा इथं. चावी सोडायच्या आधी कुलूप लावून जाते."

तिनं मुख्य फाइल उघडली, ती ओळ बदलली. आतल्या चिठ्ठ्या वाच, मान. मग निनाव्यांच्या फोल्डरातून शकुनबाईचं फोल्डर उचललं आणि बाहेरच्या रांगेत ठेवलं. सातची आठ घरं झाली. गोपीचंद उंबऱ्यात उभा राहून पडद्याकडे पाहत होता. धाकट्याचा तो माग बावीस वर्षांपूर्वी त्यानंच एका बाजूनं खांद्यावर धरून पलीकडच्या गल्लीत नेला होता, वेगळं निघणाऱ्या भावजयीशी एक शब्द न बोलता. आज धरायला काही नव्हतं. तो चप्पल घालून निघून गेला.

"आता पासवर्ड टाका. नवा."

"तोंड फिरव तिकडे."

"काकू, मी—"

"फिरव म्हटलं ना!"

दामिनीनं तोंड भिंतीकडे केलं. पाठीमागं एका बोटानं एकेक कळ शोधत दाबल्याचा आवाज येत राहिला. टक. बराच वेळ. टक. दोनदा शकुनबाई चुकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. दामिनीनं वळून पाहिलं नाही, मदतही केली नाही.

मग तिनं मोबाइल काढला, संस्थेच्या तारेशी ज्याचा संबंध नाही तो, आणि अंगणात जाऊन आठवं घर उघडायला गेली. चौकोन आला. तिनं जुना पासवर्ड टाकला. नकार. गोपीचंदच्या घराचा टाकला. नकार. स्वतःचा, प्रशासकाचा, ज्यानं कालपर्यंत सगळी दारं उघडत होती, तोही टाकला. नकार. तिनं तिन्ही पुन्हा एकदा, सावकाश, अक्षर न अक्षर पाहून टाकले.

"काय म्हणते?" आतून शकुनबाईनं विचारलं.

"नाही घेत म्हणते," दामिनी म्हणाली, आणि खोलीची किल्ली भैयाजींच्या हातावर ठेवून घराकडे चालू लागली.